रानडुकरिणीला घातलेली पोळी

तीसेक वर्षांच्या पोलीस नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, फसवणुकी असं बरंच काही हाताळलं आणि त्यातलं बहुतेक विसरूनही गेलो. एक रानडुकरीण मात्र अजून मनातून जात नाही.

सिंगापूरच्या ज्या भागात मी शेवटची काही वर्षं काढली, तिथे एका कॉन्डोच्या, म्हणजे बंदिस्त गृहसंकुलाच्या, मागच्या कुंपणाला लागूनच जंगल होतं. एके सकाळी पायवाटेवर पिल्लांसह आलेल्या रानडुकरिणीने एका वृद्ध गृहस्थांना धडक दिली. त्यांच्या हातात नाश्त्याची पिशवी होती. मांडीचं हाड मोडलं. जंगली जनावर पिशवी बघून माणसाकडे धावतं तेव्हा कोणीतरी त्याला खायला घालून सवय लावलेली असते, आणि आमच्याकडे तो गुन्हा आहे. वन्यजीव खात्याच्या जोडीने चौकशी माझ्याकडे आली.

दुसऱ्या दिवशी निनावी फोन आला. कॉन्डोचा सफाई कामगार कुंपणापलीकडे अन्न फेकतो, एवढंच सांगून ठेवला. सीसीटीव्हीत कुंपणाचा थोडाच भाग येत होता, पण तिथे तो खरंच फेकताना दिसत होता. पंचेचाळिशीचा बांगलादेशी माणूस, गावी बायको आणि दोन मुली. त्याच्या मालकाने तर ठरवूनच टाकलं होतं, की आरोप सिद्ध झाला की कामाचं परमिट रद्द आणि याची घरी रवानगी.

मी त्याला समोर बसवलं. तो मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, “सर, खाना नीचे गिरा था. लोग पैर देता. मैं उठाया, उधर डाला.”

“रोज कोण टाकतं मग?” मी हिंदीतच विचारलं.

“मालूम नहीं, सर.”

तीन वेळा विचारलं, तीन वेळा हेच उत्तर. खोटं बोलणारा सहसा पाल्हाळ लावतो, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकलो होतो. हा एक वाक्य बोलून गप्प बसत होता. तो कोणाला तरी पाठीशी घालतोय, असं मला वाटायला लागलं.

कुंपणापाशी सापडलेला अन्नाचा तुकडा माझ्या सार्जंटने पुराव्याच्या पिशवीत भरून आणला होता. “प्राटा लाह, सर,” तो म्हणाला. “समोरच्या हॉकर सेंटरमधला.” इथल्या खाऊगल्लीत मिळणारा पराठा, असं त्याला म्हणायचं होतं.

मी पिशवी उजेडात धरली. त्रिकोणी, चार पदर सुटलेले, वर तुपाचा डाग आणि चिकटलेला गूळ. ती घडीची पोळी होती. माझी आई गेली त्यानंतर मी अशी पोळी पाहिलीच नव्हती. माझी बायको मलबारी, हाताला उत्तम चव, पण ती पोळीच्या वाटेला जात नाही. मी त्या पिशवीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलो. सार्जंटला वाटलं, साहेबांना भूक लागली. त्याचं अगदीच चुकलं नव्हतं.

रहिवाशांच्या यादीत दोन मराठी आडनावं निघाली. एका घरात आयटीतले दोन तरुण राहत होते आणि त्यांच्या स्वयंपाकघरात नूडल्सच्या पाकिटांखेरीज काही नव्हतं. दुसऱ्या घराचं दार एका चाळिशीच्या गृहस्थाने उघडलं. तांजोंग पगार भागात बँकेत नोकरी, त्या दिवशी घरूनच काम. “ऑफिसर, माझी आई कुठे बाहेरच जात नाही,” हे त्याने इंग्रजीत सांगितलं. “तो क्लीनरच करतो, सगळ्यांना माहीत आहे.”

आईबद्दल मी अजून काही विचारलंच नव्हतं.

“काकू घरात आहेत का?” मी मराठीत विचारलं. तो चपापला. आतून सत्तरीच्या बाई आल्या, हाताला कणीक लागलेली.

“मराठी पोलीस? कुठले हो तुम्ही?”

“वडील चिपळूणचे. मी इथेच वाढलो.”

“मग उभे का? बसा ना.”

मी उभाच राहिलो. “काकू, मागे जंगलाच्या बाजूला पोळी कोण टाकतं?”

“आई, तू काही बोलू नकोस,” मुलगा मध्येच म्हणाला. “तुझ्या इथे राहायच्या पासचा प्रश्न येईल. पाठवून देतील तुला.”

“सफाई करणाऱ्या माणसावर आळ आलाय,” मी म्हणालो. “त्याची नोकरी जाईल.”

त्यांनी पदराला हात पुसले. “त्याचा काय संबंध? मी घालते. पहिली पोळी गाईची. साताऱ्याला गाय दारात यायची. इथे गाय कुठून आणू? पहिली पोळी आजवर कधी घरात खाल्ली नाही, ती आता खाऊ? ही बिचारी लेकुरवाळी रोज कुंपणापाशी यायची. कधी पोळी अलीकडेच पडायची.” मग मुलाकडे न बघता त्या म्हणाल्या, “आणि मी बोलले की मान खाली घालून ऐकायची. दिवसभर माझ्याशी मराठीत बोलायला या घरात दुसरं कोण आहे?”



त्यांनी जबाबावर देवनागरीत सही केली. वय आणि पहिलीच चूक बघून वरिष्ठांनी लेखी ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. पास शाबूत राहिला, कामगाराची नोकरीही. “तुला माहीत होतं ना?” मी त्याला विचारलं. “बूढ़ी माँ है, सर,” तो म्हणाला. “घर से दूर है. मैं भी.”

ताकीदपत्र द्यायला मीच गेलो. काकूंनी ते न वाचताच बाजूला ठेवलं.

“आणि ती लेकुरवाळी कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

खोटं सांगणं सोपं होतं. “माणसावर धावलेलं जनावर सोडता येत नाही, काकू. पकडून मारावं लागलं.”

“पिल्लं?”

“तीही.”

त्या म्हणाल्या, “माझ्याच हाताने झालं हे. साहेब, आता पहिली पोळी कोणाला घालू?”

‘मला द्या’ हे शब्द अगदी ओठांवर आले. पण अंगावर युनिफॉर्म होता, आणि आरोपीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही हा माझा शिरस्ता. “ते तुम्हीच ठरवा,” असं कोरडं काहीतरी बोलून मी निघालो.

निवृत्त झाल्यावर एकदा मुद्दाम त्या घरी गेलो. मुलाने ओळखलं, कॉफी दिली. आई साताऱ्याला परत गेली आणि आता ये म्हटलं तरी येत नाही, असं तो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

खायला घालू नका, अशा पाट्या आम्ही जंगलाच्या कडेने कितीतरी लावल्या. त्या हव्यातच, मोडलेलं हाड मी विसरलेलो नाही. पण कोणी, कधी, काय घातलं हे मी सगळं विचारलं आणि का घातलं हे मात्र बाईंनी आपणहून सांगितलं म्हणून कळलं. पुढच्या प्रत्येक चौकशीत मी तो प्रश्न आधी विचारू लागलो. पहिली पोळी कोणाला घालू, या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तेव्हा माझ्याकडे होतं, आणि ते मी दिलं नाही.