घरात माणसं किती?

फुकट मिळालेली औषधाची गोळी पाहिली की ज्याच्या पोटात दुखायला लागतं असा माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. लग्न ठरवताना लोक सासू-सासऱ्यांची चौकशी करतात, मेहुणे किती ते विचारतात. साडू कसला आहे हे कोणी विचारत नाही, आणि तिथेच फसतात. मी फसलो. आम्ही बुकित पंजांगला, ते टॅम्पिनीसला, म्हणजे बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढं लांब राहता येईल तेवढं लांब आम्ही राहत होतो, तरी ते दर पंधरा दिवसांनी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, एवढं अंतर तोडून येत. आले की आधी पाणीसुद्धा न पिता आमचं औषधांचं कपाट उघडत. आमच्या वास्तुशांतीला पाहुणे सोफ्यावर बसलेले असताना त्यांनी मुदत संपलेलं खोकल्याचं औषध सगळ्यांच्या देखत बेसिनमध्ये ओतलं आणि बाटली उंच धरून विचारलं, "हे कोणाच्या नावावर आणलं होतं?" ते मुलीच्या नावावर आणलं होतं आणि मी प्यायलो होतो. हे मी कबूल केल्यावरच त्यांनी प्रसाद घेतला.

त्यांचा धंदाच तो होता. एका धर्मादाय संस्थेचे शहरात सात-आठ दवाखाने होते आणि तिथे गरजूंना औषधं फुकट मिळत. गरजू कोण, हे एका फॉर्मवर ठरे. घरात येतात किती आणि घरात माणसं किती, एवढंच लिहायचं. भागाकार ठरलेल्या आकड्याच्या खाली आला की औषधमाफी. सगळं ज्याचं त्याने लिहायचं आणि खाली सही करायची. मग आमचे साडू दर महिन्याला त्या ढिगातून डोळे मिटून मूठभर फॉर्म उचलत, कागदपत्रं मागवत, आणि ज्याचं लिहिलेलं चुकीचं निघेल त्याला पत्र जाई. औषधांची किंमत भरा, वर दंड भरा, आणि वर्षभर माफी बंद. मी एकदा विचारलं, "अहो, पण एखाद्याची चूक झाली असेल, लबाडी नसेल, तर?" ते म्हणाले, "चूक आणि लबाडी कागदावर सारख्याच दिसतात हो. मनात डोकवायची सोय आमच्या ऑफिसात नाही."

आता या माणसाला दुष्ट म्हणावं, तर तेही जमत नाही. त्या दंडाच्या पत्राचा मसुदा ते चार-चार वेळा लिहीत. त्यांच्या टेबलावर एक मोठं कॅलेंडर होतं आणि त्यावर चिनी नववर्ष, हरी राया म्हणजे इथली ईद, दिवाळी, वैशाख पौर्णिमा, नाताळ, सगळ्यांचे सण लाल शाईने मांडलेले असत. सणाच्या दिवशी कोणाच्याही हातात दंडाचं पत्र पडता कामा नये, म्हणून ते टपालाचे दिवस मागे-पुढे करत. सिंगापुरात एवढे सण आहेत की पत्र पाठवायला मुहूर्त शोधायची पाळी येई. पत्र मिळालेल्या आजीबाई फोन करून चिनी भाषेत अर्धा अर्धा तास शिव्या घालत, आणि हे रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून मान डोलवत "येस आंटी, येस आंटी" म्हणत राहत. भाषा कळत नसली तरी ते फोन ठेवत नसत. "दंड भरायचाय त्यांना, निदान बोलून तरी घेऊ देत," असं म्हणायचे.

सवलत या शब्दाचं तर त्यांना वेडच होतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सहा वर्षांखालच्या मुलांना जेवण फुकट असे. आमच्या साडूंना कोण्या शहाण्याने कुपनांच्या टेबलावर बसवलं. एका बाईंनी पोराला पुढे करून "पाच" म्हटलं. यांनी पोराकडे चष्म्यावरून पाहिलं आणि प्रेमाने विचारलं, "बाळा, तू किती वर्षांचा?" तो सत्यवादी म्हणाला, "अंकल, आय ॲम सेव्हन ऑलरेडी लाह!" बोंबला! बाई लाललाल झाल्या, रांग थांबली, आणि साडूंनी पूर्ण कुपन तर फाडलंच, वर दंड म्हणून त्या बाईंना वाढपाला उभं केलं. पुढच्या वर्षी मंडळाने त्यांना आरतीच्या टाळांवर ठेवलं. तिथे सवलत नव्हती.

हा न्याय स्वतःलाही लागू होता, हे मात्र कबूल केलं पाहिजे. गुडघे गेलेले, तरी गाडीत ज्येष्ठांच्या राखीव जागेवर ते बसत नसत. मी एकदा ओढून बसवायला गेलो तर म्हणाले, "अजून अकरा महिने आहेत." आणि साठ पूर्ण झाले त्या दिवशी टॅम्पिनीसला त्या जागेवर बसले ते थेट दुसऱ्या टोकाच्या स्टेशनापर्यंत जाऊन, न उतरता परत आले. बायकोला फोन करून सांगितलं, "बसलो बरं का." आमच्या ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बसा. घरी कोणी बसवत नाही तुम्हाला."

अशा माणसाला मित्र कुठून असणार? मीसुद्धा नात्याचा मारलेला. पण त्यांना एक मित्र होता. अण्णा. त्यांच्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, चार मजले खाली, एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहणारा. रत्नागिरीकडचा. तरुणपणी इथल्या जहाजांच्या गोदीत वेल्डर म्हणून आला, इथला नागरिक झाला, बायको इथेच वारली, मूलबाळ नाही, आणि आता म्हातारपणी एका कॉन्डोच्या, म्हणजे बड्यांच्या सोसायटीच्या, फाटकावर वॉचमन. दर रविवारी सकाळी ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये दोघं घट्ट दुधाचा चहा घेऊन दोन-दोन तास बसत. अण्णा गावाकडचं सांगे. वहिनीचं संधिवाताचं, पुतण्याचं, पोरांच्या शाळेचं, कोणत्या कलमाला यंदा मोहोर आला त्याचं. आमचे साडू पेपर वाचत हूं हूं करत. मी तिथे गेलो की मला जांभया येत. साडूंना विचारलं, "कंटाळा नाही का येत?" तर म्हणाले, "येतो की. पण रविवारी दुसरं काय करणार?" आठवड्यातून दोन तास या माणसाला कोणी नुसतं माणूस म्हणून समोर बसवून घेत होतं, आणि ते त्याला कळत होतं.

एका शनिवारी त्यांचा फोन आला. "उद्या सकाळी आठला कॉफीशॉपवर या." कशाला, ते सांगेनात. बुकित पंजांगहून सकाळी आठला टॅम्पिनीस म्हणजे सहाला उठणं आलं. मी जांभया देत पोचलो तर अण्णा आणि ते समोरासमोर बसलेले, चहाला साय धरलेली, आणि मध्ये टेबलावर अण्णाचा औषधमाफीचा फॉर्म. साखर आणि बीपीच्या गोळ्यांचा. महिन्याच्या मुठीत तो आला होता.

"अण्णा," साडू म्हणाले, "इथे तुम्ही माणसं सात लिहिलीत."

"सातच आहेत." अण्णाने बोटं मोजली. "वहिनी. पुतण्या. त्याची बायको. तीन पोरं. आणि मी."

"इथे कोण राहतं?"

"इथे मी झोपतो रे. घर रत्नागिरीला आहे." अण्णाला खरोखरच प्रश्न कळत नव्हता. "पुतण्या माडावरून पडला, कंबर गेली त्याची. चूल माझ्या पैशावर पेटते. मग ती माझ्या घरची नाहीत तर कोणाच्या घरची, तूच सांग मेल्या!"

मी साडूंकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस हसेल, फॉर्म घडी करून खिशात घालेल, आणि नवीन चहा मागवेल. कोणीही तेच केलं असतं. पण ते फॉर्मवरच्या त्या आकड्यावर बोट ठेवून बसले होते. एकट्याच्या हिशोबाने अण्णाचा पगार माफीच्या आकड्याच्या थोडासाच वर जात होता. थोडासाच. "अण्णा, फॉर्मला रत्नागिरी माहीत नाही हो," ते म्हणाले. "पत्र येईल तुम्हाला. म्हटलं आधी तोंडाने सांगावं."

अण्णाने फॉर्म आपल्याकडे ओढून पाहिला आणि परत सरकवला. मग म्हणाला, "तू पाठवणार?"

"मीच."

दंड मी भरतो, असंही साडू म्हणाले. त्यावर अण्णा उठलाच. "तूच मारणार आणि तूच हळद लावणार? राहू दे." चहा तसाच टाकून तो लिफ्टकडे गेला.

त्या दिवशी आमच्या घरी ते आले तेव्हा आमच्या हिने त्यांना फैलावर घेतलं. "भाऊजी, फाडून टाका की तो कागद! कोणाला कळणार आहे? नाहीतर ऑफिसातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या." त्यांनी चपला काढल्या नाहीत, कपाट उघडलं नाही, दारातच स्टुलावर बसले. म्हणाले, "गेल्या वर्षी पासिर रिसची एक बाई होती. मुलगा परदेशात, तरी तिने दोन माणसं लिहिली होती. विचारलं तर म्हणाली, त्याचं ताट रोज मांडते मी. तिला मी पत्र पाठवलं. तिने दंड भरला, हप्त्याहप्त्याने. आता तिची माझ्याशी चहाची ओळख नव्हती म्हणून तिने भरायचा, आणि अण्णाने नाही? असं कसं चालेल, सांगा तुम्ही." आपलेच दात, आपलेच ओठ. मला त्या माणसाचा इतका राग आला होता आणि इतकी दया येत होती की मी उठून चहा टाकायला गेलो.

पत्र गेलं. दिवाळी उलटून गेल्यावर गेलं. अण्णाने दंड मुकाट्याने भरला, वर्षभर गोळ्या पूर्ण किमतीला घेतल्या, आणि गावच्या मनीऑर्डरीला हात लावला नाही, एवढं आम्हाला इकडून तिकडून कळलं. रविवारी तो कॉफीशॉपवर यायचा बंद झाला. आमचे साडू जात राहिले. पेपर घेऊन, एकटेच. मी एक-दोनदा मुद्दाम उठून गेलो सोबतीला, पण माझ्याजवळ ना वहिनी, ना मोहोर. अर्ध्या तासात आम्ही दोघंही घड्याळ बघायला लागायचो.

त्या वर्षात त्यांनी एक गोष्ट केली. संस्थेच्या साहेबांच्या मागे लागून, सहा महिने डोकं खाऊन, फॉर्म बदलून घेतला. 'घरात माणसं किती' याच्यापुढे 'याच छपराखाली राहणारी' असं छापून घेतलं, इथल्या चारही सरकारी भाषांत. मला फोनवर म्हणाले, "आता कोणी चुकणार नाही." आवाजात आनंद काही नव्हता, दमलेला आवाज होता.

वर्ष संपलं. मधल्या काळात अण्णाची वॉचमनकी सुटली होती, त्यामुळे तो आता एकट्याच्या हिशोबानेही माफीत बसत होता. त्याने नव्या फॉर्मवर अर्ज केला. तो मुठीत आला नव्हता. साडूंनी ढीग उपसून शोधून काढला, आणि एवढ्या नोकरीत नियम मोडला असेल तर तो एवढाच. मला ऑफिसातून फोन केला. भर दुपारी, मी मीटिंगमध्ये.

"अण्णाचा फॉर्म आलाय."

"मग? चुकलाय का परत?"

"नाही हो. बरोबर आहे." फोनवर कागदाची सळसळ ऐकू आली. "एक लिहिलंय. घरात माणसं एक. अक्षर चांगलं आहे अजून." मग म्हणाले, "इतक्या वर्षांत बरोबर फॉर्म बघून असं कधी झालं नव्हतं मला."

त्यांनी शिक्का मारला. मारायलाच हवा होता.

त्यानंतरच्या एका रविवारी अण्णा खाली आला. आपणहून आला, समोरची खुर्ची ओढली, बसला. चहा आला, दोघांनी प्यायला म्हणे. तेव्हापासून पुन्हा दर रविवारी बसतात दोघं. मीही कधीकधी जातो. अण्णा आता पावसाचं बोलतो, ब्लॉकच्या लिफ्टचं बोलतो, मासे महाग झाल्याचं बोलतो. चांगलं बोलतो, हसतो पण. आमचे साडू पेपर घडी करून बाजूला ठेवतात, पुढे वाकून बसतात, आणि मध्येच केव्हातरी अगदी सहज विचारल्यासारखं विचारतात, "वहिनी कशा आहेत, अण्णा? पोरांच्या परीक्षा झाल्या का?"

"बरी आहेत सगळी," अण्णा म्हणतो, आणि चहावाल्याला हाक मारतो.