गोसाव्याचं कडं

भूतबाधा, करणी असलं मी कधी मानलं नाही. बारामती एमआयडीसीत दूध तपासायच्या लॅबमध्ये काम करते... जे टेस्टमध्ये दिसतं तेच रिपोर्टमध्ये लिहायचं, ही सवय. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्या सख्ख्या भावाचं आहे आणि मी तिथे हजर होते.

माझं माहेर अंथुर्णे. आमच्या डाळिंबाच्या रानात मधोमध एका गोसाव्याची समाधी होती, साधा दगडी ओटा. गोसाव्यांना जाळत नाहीत. बसवून, भोवती मीठ भरून पुरतात. माझ्या वडिलांनी, आबांनी, लहानपणी त्या महाराजांना जिवंत पाहिलेलं. नवीन लागणीला ओटा आड येतो म्हणून दादा कुरकुरायचा. आबांचं एकच – "मी हाय तवर हात लावायचा न्हाय."

आबा बावड्याला लग्नाला गेले आणि दादाने जेसीबी बोलावला. आतला देह मिठामुळे नुसता वाळला होता. हाडांना कातडी चिकटलेली, मनगटात तांब्याचं कडं. दादाने कडं काढून घेतलं आणि देह ओढ्याकाठी खड्ड्यात ढकलला. आबा परत आले, सपाट रान पाहिलं आणि त्याच्याशी बोलायचेच बंद झाले.

पुढच्या रविवारी मी माहेरी गेले तर दादाच्या हातात ते कडं.

"मयताचं कशाला घातलंस?" मी विचारलं.

"त्याला आता काय करायचंय?" दादा हसला.

दुपारी टीव्हीवर जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा लागला होता, इजिप्तच्या ममीचा, हिंदीत डब केलेला. थडगं उघडणाऱ्यांना ती एकेक करून मारते, अशी गोष्ट. दादा टिंगल करत बघत होता. तेवढ्यात आबा दारात आले आणि थबकले.

"म्हाराज हितं कसं?"

"आबा, तो नट आहे," मी म्हटलं.

"मी वळखत न्हाय व्हय त्यास्नी?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. ममीने तोंड आमच्याकडे वळवलं होतं. हात पुढे, तळवा वर... काहीतरी मागावं तसा. दादा उठून कपाटाकडे सरकला. तो हातही त्याच्या बाजूला सरकला – हे मी स्वतः पाहिलं. दादाने प्लग उपटला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं मनगट वाळायला लागलं. कातडी तपकिरी, कडक, चामड्यासारखी. कडं निघेना. बारामतीच्या स्किनच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला, रिपोर्ट नॉर्मल. मग बोटं आखडली, ती पण तळवा वर करून. इकडे ओट्याच्या जागी लावलेली रोपं, ड्रिप चालू असूनही, मुळापासून वाळली. उपटलेल्या मुळांवर पांढरा थर चढला होता. मी माती तपासायच्या लॅबला नमुना पाठवला. मीठ... फक्त तेवढ्याच जागेत.

मी म्हणाले, "दादा, त्यांचं त्यांना देऊन टाक."

"मेलेल्या माणसानं माझ्याशी वैर धरायचं? बघतोच," तो म्हणाला.

पण बोटांत घास धरवेना आणि वहिनी भरवायला लागल्या, तेव्हा तो वाकला. सोनाराकडून कडं कापून घेतलं. ओढ्याकाठचा देह आम्ही उकरून आणला, कडं त्याच्या मनगटावर ठेवलं, मिठाची पोती ओतली, आबांनी विधी केला आणि ओटा पुन्हा बांधला. आता ओट्याभोवती नव्याने लावलेली रोपं फुटली आहेत. दादाचा हात मात्र तसाच आहे.

तो सिनेमा मी नंतर शोधून पूर्ण बघितला, दोनदा. त्यात हात पुढे करण्याचा प्रसंग कुठेच नाही. ममीचा चेहराही वेगळा आहे.

मागच्या आठवड्यात दादा आबांना म्हणाला, "सगळं परत दिलं की. अजून काय पायजे त्यांना?"

आबा ओट्यावर पाणी घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "दिलंस. पर अजून रागातच हाईस. त्ये बी रागातच हाईत."

मला याचा अर्थ लावता आलेला नाही. दादा घराकडे निघून गेला.