चाळीतली घोणस आणि बिनकांद्याचे पोहे

ताईला बघायला पाहुणे आले, तेव्हा त्यांना बिनकांद्याचे पोहे मिळाले. आमचं गाव सायखेड्याजवळ, अंगणाला लागूनच कांदा साठवायची चाळ, चाळीत कांदाच कांदा. तरीही पोह्यांत कांदा नव्हता, आणि त्याला कारण माझं उच्च शिक्षण!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. नाशिकला प्राणिशास्त्र घेतल्यापासून शेळी शिंकली तरी मला विचारतात. (मला शेळीतलं काही कळत नाही. पण सगळे इतक्या आशेने बघतात, की नाही म्हणवत नाही.)

त्या दिवशी सकाळी आई चाळीत कांदे आणायला गेली आणि टोपली टाकून पळत आली.

"अहो, माळ्यावर कायतरी फुसकारतंय! लय जोरात!"

सगळे माझ्याकडे वळले. मी दारातूनच कान दिला. फुस्स्स्! कुकरची शिट्टी अडकावी तसा आवाज. पुस्तकात अगदी हेच लिहिलं होतं.

"घोणस," मी म्हणाले.

मला पुढे 'बहुतेक' म्हणायचं होतं. पण तोवर अण्णांनी चाळीला कडी घातलीसुद्धा!

"पण घोणस माळ्यावर चढली कशी?" ताईने विचारलं.

"उंदरांच्या मागं." (घोणस सहसा जमिनीवरच राहते, हे पुढच्या पानावर होतं. मी तिथवर पोचले नव्हते.)

सर्पमित्राला फोन केला, तर तो त्र्यंबकेश्वरला गेलेला. संध्याकाळी येतो म्हणाला. शेजारून कांदे आणू म्हटलं, तर आई भडकली. "चाळ भरलेली असताना दुसऱ्याच्या दारी कांदा मागू? गाव हसंल!"

ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "हे बघ, मुलगा मला आवडलाय. आम्ही फोनवर बोललोय. तुझ्या घोणशीपायी बिनसलं ना..." ती जोरजोरात खोबरं खवू लागली.

दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलाच्या आईने पोह्यांत चमचा फिरवला. पुन्हा फिरवला.

"कांदा खात नाय का तुम्ही?"

"आज चतुर्थी हाय ना," आई म्हणाली.

"चतुर्थी तर परवा झाली!"

आई पदराने घाम पुसू लागली. मामा उठले. "चला, चाळ तरी बघू तुमची."

अण्णा आडवे आले. "चाळ बंद हाय."

"मग उघडा की."

"नाय... बंदच बरी हाय."

मामांनी बहिणीकडे असं बघितलं, की ताईने कप गोळा करायला घेतले. मला राहवेना.

"मामा, आत घोणस आहे!"

मामा बशीसकट खुर्चीवर चढले! प्लास्टिकची खुर्ची कुरकुरली, तर त्यांना वाटलं तीही घोणसच.

"कोणी पाहिली?" मुलाने शांतपणे विचारलं.

सगळे पुन्हा माझ्याकडे वळले.

"ऐकली," मी हळूच म्हणाले.

"मग आता बघून घेऊ."

शेवग्याच्या शेंगा पाडायच्या काठीला मी केसांच्या रबराने माझा मोबाईल बांधला, टायमर लावला आणि काठी पत्र्याखालच्या फटीतून माळ्यावर सरकवली. आतून इतका फुत्कार आला, की मी काठी धरली होती की काठीने मला, सांगता येणार नाही. कशीबशी काठी बाहेर ओढली.

फोटोत साप नव्हता. रिकाम्या क्रेटमागून तीन पांढरे चेहरे बघत होते. चेहरे पत्त्यांतल्या बदामासारखे, डोळे काळेभोर, अंगावर पिंजलेला कापूस. त्यांनाही कोणीतरी बघायला आलंय, अशा अवघडलेल्या तोंडाने!

"गव्हाणी घुबडाची पिल्लं! हीच फुसकारत होती!" मी ओरडले आणि जीभ चावली. ताईच्या बघण्याच्या दिवशी, घरात, घुबड! एक नाही, तीन! आईने डोळे मिटले. ताई जमिनीकडे बघत राहिली.

मुलाच्या आईने मोबाईल घेतला. जवळ धरला, लांब धरला.

"म्हंजे साप नाय ना?"

"नाही."

"मग आम्हाला असलं खायला का घातलंय? कांदा काढा आन् नीट पोहे करा! आमच्या चाळीत बी हायेत ही. उंदीर ठेवत नायत."

ताई फिसकन हसली. अण्णा मटकन ओट्यावर बसले. मामा मात्र दुसरे पोहे येईपर्यंत खुर्चीवरच होते.

लग्न ठरलं. पिल्लं उडेपर्यंत मी रोज तिन्हीसांजेला त्यांचे फोटो काढले, लांबून आणि फ्लॅश बंद ठेवून. त्यांची आई चोचीत उंदीर घेऊन पत्र्यावर उतरते, तो फोटो ताईच्या सासरी भिंतीवर लावलाय. तिकडे माझा मान मोठा आहे. मी गेले, की पोह्यांत कांदा दुप्पट पडतो. आणि स्वयंपाकघरात कुकर फुसफुसला, की दाजी हातातलं काम ठेवून अदबीने विचारतात,

"मेहुणीबाई, ही कोणती जात?"