डोंग्यातली तिरडी

धरणावर इंजिनचा डोंगा चालवणारा तो माणूस कुणालाही उभं राहू देत नसे. सरपंच असो की नवरी, सगळे बसल्याशिवाय इंजिन सुरू व्हायचं नाही. फक्त बाबांना पलीकडच्या मसणात नेलं त्या दिवशी त्याने कुणाला बसायला सांगितलं नाही. आम्ही चौघे भाऊ तिरडी खांद्यावर घेऊन उभेच होतो.

मधोमध वारा सुटला. डोंगा कलला. त्याने इंजिन हळू केलं, डोंग्याचं तोंड लाटांकडे वळवलं.

“बाबाले खाली ठेवा अन् बसा.”

“आमच्या पायाशी?” मी विचारलं.

“त्याईले आता बुडन्याची भीती नाही. तुमाले हाय.”

आम्ही ठेवलं.

काठाला लागल्यावर त्याने बाबांच्या पायांना हात लावला. “माफ करजा बाबा. तुमचा लिहाज केला, मान ठेवला, अन् पोराईले उभं राहू देलं.”