रतन ओव्हाळांची बोली

आमचे वडील, रतन ओव्हाळ, कॅम्पातल्या एका क्लबात पस्तीस वर्षं खुर्च्या विणत होते. क्लबाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर निम्मे सभासद रागावतील आणि उरलेले निम्मे विचारतील, असा कोणी होता का आपल्याकडे? आम्ही त्यांना दादा म्हणतो. वय एक्क्याऐंशी. वेत भिजवून भिजवून बोटांची टोकं कायमची पांढरट पडलीत, पाठ मात्र अजून ताठ.

क्लबाच्या व्हरांड्यात साठ सालच्या सुमाराच्या सागवानी खुर्च्या होत्या. बुटक्या, ऐसपैस, तिरक्या पायांच्या, पाठ आणि बैठक वेताची. कुठे नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. लहानपणी मला त्या गरीबच वाटायच्या. आता माझी मुलगी शेफाली सांगते की ह्या 'मॉडर्निस्ट' आहेत आणि लोक दिवाणखान्यात ठेवायला त्या हुडकत फिरतात. असतील बापड्या.

त्यातली प्रत्येक खुर्ची दादांनी चार-पाचदा तरी विणली असेल, पण बसले एकीवरही नाहीत. नोकरांनी बसायचं नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच पडली नाही. वीण झाली की ते आधी तळवा फिरवायचे, मग गुडघा टेकून बघायचे आणि शेवटी तांदळाचं पोतं ठेवायचे. "बसून का नाही बघत?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पोतं खोटं बोलत नाही."

हाच माणूस घरी आम्हा भावंडांना बजावायचा, कुणापुढे वाकायचं नाही. आम्ही बौद्ध; ही शिकवण आमच्याकडे बाराखडीच्या आधी मिळते. मी ती जरा जास्तच मनावर घेतली, असं ऑफिसातले म्हणायचे. दादांनी ती आम्हाला दिली आणि स्वतः पस्तीस वर्षं भिंतीला पाठ लावून उभे राहिले. ह्याचा मला राग येतो. तो कुणावर काढायचा हे साठी आली तरी मला कळलेलं नाही.

गेल्या वर्षी क्लबाने नूतनीकरण काढलं आणि जुन्या खुर्च्यांचा लिलाव ठरला. बोली सभासद, व्यापारी आणि माजी कर्मचाऱ्यांनीच लावायची, आणि एका नंबराला एकच माणूस आत. मी धायरीच्या फ्लॅटमध्ये खिडकीखालचा दिवाण काढून टाकला आणि दादांना सांगितलं, "दोन खुर्च्या आणायच्या. आणि तुम्ही बसायचं." ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पांढरा सदरा इस्त्रीला टाकला, तेव्हा मला उत्तर मिळालं. डॉक्टरांनी त्यांच्या छातीबद्दल जे सांगितलं होतं, त्यानंतर पुढच्या लिलावाची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

सकाळी अकराला दादा बारा नंबरचा पुठ्ठा घेऊन आत गेले. मी बाहेर, खिडकीच्या गजांशी. हॉलमध्ये पन्नास-साठ घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, त्या सगळ्या भरलेल्या. दादांनी एकवार इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ जाऊन खांबाशी उभे राहिले, हात मागे बांधून. त्यांच्या एका बाजूला क्लबाचा वायरमन, दुसऱ्या बाजूला चहाचा ट्रे घेतलेला बेअरर. बारा नंबर त्यांच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून होता!

सेक्रेटरी स्वतः बोली पुकारत होता. पन्नाशीचा माणूस, हा चड्डीत असताना दादांनी त्याचा झोपाळा विणून दिला होता. आम्ही हेरलेल्या दोन खुर्च्या पुढे आणून ठेवल्या. मुंबईचा तेजस नावाचा व्यापारी पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसला होता. त्याने पुठ्ठा वर केला. मागून एका सभासदाने केला. बोली चढायला लागली.

"साहेब, माझीही," दादा म्हणाले. इतक्या हळू, की मला ओठांवरूनच कळलं.

सेक्रेटरीने मान वर केली. "अरे रतन! तू आलास होय? बरं झालं. जरा पहिल्या रांगेत पाणी दे."

आणि दादा पाणी द्यायला गेले.

मी खोटं सांगणार नाही, त्या क्षणी मला त्यांचा तिरस्कार वाटला. पुठ्ठा त्यांनी काखेत धरला होता, आणि तेजसच्या हातात ते अदबीने ग्लास देत होते. मी ओरडले, "दादा, नंबर दाखवा!" दारावरचा माणूस म्हणाला, "बाई, आवाज नको. तमाशा गेटबाहेर." सभासदाने मान हलवून माघार घेतली. बोली आम्ही ठरवलेल्या आकड्याच्या अगदी जवळ आली होती.

"एक वार," सेक्रेटरी म्हणाला.

दादांनी पाण्याचा ट्रे एका हातावर तोलला आणि दुसऱ्या हाताने पुठ्ठा वर केला.

"रतन, मध्ये उभा राहू नकोस. बोलीवाले बसलेत ते दिसतंय ना? दोन वार."

दादांनी ट्रे जमिनीवर ठेवला. सगळीकडे पाहिलं. रिकाम्या जागा दोनच होत्या, पुढे मांडलेल्या. ते चालत गेले, सदरा मागून सारखा केला आणि डाव्या खुर्चीत बसले.

"उठ, रतन. विक्रीचा माल आहे तो."

"बोलीवाले बसलेत ना, साहेब? मी पण बसलो. नंबर बारा. बोली धरा."

सेक्रेटरी लाल झाला. तेजसने हसून पुठ्ठा पुन्हा वर केला, आणि आमचा आकडा ओलांडला गेला. दादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आपला पुठ्ठा वर केला. मग तेजसकडे वळून म्हणाले, "घ्या तुम्ही. पण आधी सांगतो. हिचा मागचा पाय मोडला होता, मी जोडलाय. शेजारचीचा उजवा हात बदललाय, तोही मीच. गिऱ्हाइकाला ओरिजिनल म्हणून द्याल आणि नाव बुडवाल."

तेजस वाकून पायाकडे पाहत राहिला. सांधा काही दिसेना, आणि त्यामुळेच बहुधा तो घाबरला. त्याने पुठ्ठा मांडीवर पालथा घातला.

"एक वार. दोन वार." सेक्रेटरी थांबला. बराच वेळ थांबला. "तीन वार. बारा नंबर. रतन... रतनराव ओव्हाळ."

मी दारावरच्या माणसाला बाजूला सारून आत धावले. दादा तसेच बसले होते, हात खुर्चीच्या रुंद हातांवर ठेवून. मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले. पहिल्यांदाच मला रडू फुटलं. "दादा, कसं वाटतंय?"

ते जरा सरकले. पाठ टेकली, पुन्हा उचलली. मागे हात नेऊन वरच्या काठाची पट्टी चाचपली. चेहरा हळूहळू पडत गेला.

"ललिते, टोचतंय गं," ते म्हणाले. "खांद्याला. पट्टी एक बोट खाली घ्यायला पाहिजे होती." मग भरलेल्या हॉलकडे बघत म्हणाले, "पस्तीस वर्षं बसले सगळे. एकानंही मला सांगितलं नाही."