नकाशेकाकांचे दोन जीबी

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मी कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी मला दोन गोष्टी बजावल्या गेल्या. कॉम्प्युटरचं काही अडलं तर बघायचं, आणि नकाशेकाकांच्या वाटेला जायचं नाही. दुसरी पाळता आली नाही, कारण अडायचं ते त्यांचंच.

नकाशेकाका म्हणजे आमचे आरेखक. चौतीस वर्षं नोकरी. जमिनीखाली कुठला पाइप कुठे वळतो, कुठला व्हॉल्व्ह कोणाच्या दारापुढच्या फरशीखाली गडप झालाय, सगळं तोंडपाठ. कागदी नकाशांचा तळघरात पाणी शिरून लगदा झाला होता. "पाणीपुरवठ्याचे नकाशे पाण्यानेच नेले," हा विनोद काका स्वतःच आधी करून टाकायचे, म्हणजे दुसऱ्या कोणाला करता येऊ नये. त्यानंतर चौदा महिने ते सगळं शहर एका फाइलीत उतरवत होते. मी गेलो तेव्हा त्यांच्या निवृत्तीला पंचवीस दिवस उरले होते आणि नदीपलीकडचा भाग बाकी होता. तो राहिला असता तर पुढच्या माणसाला कुदळ हाच नकाशा.

मशीन होतं लिनक्सवर चालणारं, दोन जीबी मेमरीचं. वाढवून मागितली तर साहेब म्हणाले, मशीन कागदोपत्री बाद झालंय आणि बाद मशीनला खर्च टाकता येत नाही. दुसऱ्या मशीनवर फाइल न्यावी, तर पाण्याच्या लाइनी गोपनीय. पेन ड्राइव्हची जागा सील केलेली, नेटवर्कची वायर उपटलेली.

पहिल्या भेटीत काका एका पिवळ्या चिठ्ठीवरून बघून काहीतरी टाइप करत होते.

"काय करताय काका?"

"मेमरी झाडतोय. बघ, फ्री ऐंशी एमबीच राहिलंय. भरत आली की झाडायची."

"कोणी शिकवलं?"

"तुझ्याआधी होता तो. हुशार होता. नोकरी सोडून गेला."

मी टोमणा गिळला. "काका, टाकी काठोकाठ भरली की तुम्ही ती ओतून देता का?"

"डोकं फिरलंय का?"

"मग इथे का ओतताय? मशीन मोकळ्या मेमरीत डिस्कवरच्या फाइली भरून ठेवतं, पुन्हा लागल्या तर चटकन द्यायला. कोणाला जागा हवी झाली की आपणहून सोडतं. फ्री बघायचंच नाही. त्याच ओळीत पुढे अव्हेलेबल आहे ना, तो आकडा खरा."

काकांनी बोट ठेवून तो आकडा शोधला. "म्हणजे चौदा महिने मी भरलेली टाकी ओततोय."

"दिवसातून तीसेक वेळा."

"हे बाहेर बोलू नकोस."

त्या दिवसापासून माझी खुर्ची त्यांच्या टेबलाला लागली. आम्ही मेमरी खाणारं एकेक तोंड शोधून बाहेर काढलं. खिडक्यांना सावल्या पाडणारा डेस्कटॉप काढून साधा बसवला. सगळ्या फाइलींची यादी करत बसणारा एक प्रोग्राम होता, अपडेट आलं का म्हणून डोकावणारा एक होता. नेटवर्कच नाही, तरी डोकावतोय. प्रिंटर दोन वर्षांपूर्वी परत गेलेला, त्याची सेवा चालूच. ब्लूटूथ या मशीनला कधी नव्हतंच, पण त्याचीही सेवा रोज हजर.

"असे आपल्याकडे वरच्या मजल्यावर पण आहेत," काका म्हणाले.

मशीन नुसतं चालू केल्यावर सातशे ऐंशी एमबी खायचं, ते दोनशे चाळीसवर आलं. काकांनी आकडा डायरीत लिहिला आणि स्वतःच्या पैशाने मला चहा पाजला. कार्यालयात याची चर्चा झाली. चहाची.

पण आम्ही जेवढी जागा करावी, तेवढी नकाशा खायचा. रोज नवे पाइप, रोज फाइल जड. शेवटच्या आठवड्यात तर काका रेघ ओढत असतानाच नकाशाचा प्रोग्राम गायब व्हायला लागला.

"गेला कुठे?"

"कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने मारला. मेमरी संपली की जो सगळ्यात जास्त खातो, त्याला तो मारतो."

"आणि सगळ्यात जास्त खातो तो कोण? जो काम करतोय तो. बरोबरच आहे, सरकारी मशीन."

मी म्हटलं, नकाशाचे चार तुकडे करू. काका म्हणाले, "पाइपला वॉर्ड कळतात का? तुकडे केलेस की सांध्याला रेघ हलते, आणि इथे केसभर हललेली रेघ तिथे शेजाऱ्याच्या अंगणात निघते."

मग उरला स्वॅप. मेमरीत मावत नाही ते डिस्कवर ठेवायचं. मंद चालतं, पण प्रोग्राम मरत नाही. डिस्क मीटरच्या फोटोंनी भरलेली. त्यांना हात लावायची परवानगी नाही. काढता येण्यासारखं एकच होतं, नकाशाच्या जुन्या प्रती, रोजची एक याप्रमाणे.

"सगळ्या काढू?" काकांनी विचारलं.

"मूळ फाइल आहेच की."

"तू म्हणतोस तर काढ."

मी काढल्या. मी म्हटलं म्हणून.

शेवटच्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी शेवटचा व्हॉल्व्ह लागला. नदीपलीकडे, पिठाच्या गिरणीमागे. काकांनी साठवायचं बटण दाबलं आणि निरोपाला वर गेले. किती साठवलं ते दाखवणाऱ्या पट्टीसमोर मी बसलो. साठवायला नकाशाची आणखी एक प्रत मेमरीत लागते, हे मला तेव्हा कळलं. सगळा भार डिस्कवर. माउस हलवला की बाण मिनिटाने सरकायचा. पाच वाजता चौतीस टक्के. पावणेसहाला एकसष्ट.

सहाला शिपाई मेन स्विच पाडतो. आगीच्या भीतीने केलेला नियम. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. मी खाली पळालो.

"तासभर थांबा, दादा."

"साहेबांची चिठ्ठी आण. मागच्या वेळी थांबलो तर मलाच मेमो मिळाला."

साहेब वर भाषणात होते. आमच्या नकाशेकाकांनी सगळं शहर एका फाइलीत आणलं, असं सांगत होते. मी परवानगी मागणारी चिठ्ठी लिहून पुढे पोचवली. भाषण आटपा असं कोणी लिहिलंय असं त्यांना वाटलं असावं. न वाचता खिशात घातली आणि पुढे बोलत राहिले. मी काय ओरडणार? कंत्राटी माणूस. मधेच दिवे गेले. लोकांना वाटलं कार्यक्रम संपला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी फाइल होती. नाव होतं, तारीख होती, आत शून्य. नवी लिहिण्याआधी प्रोग्राम जुनी पुसतो.

अकरा वाजता काका आले. पास जमा झालेला, म्हणून गेटवर पाहुण्यांची चिठ्ठी करून आले आणि बाहेरच्या बाकावर बसले. मी सरळ सांगून टाकलं.

"कितीपर्यंत गेलं होतं?"

"एकसष्ट."

"मग नदीपलीकडचं गेलं असेल. अलीकडचं तरी..."

"नाही काका. सगळंच गेलं."

त्यांनी मान हलवली. त्या प्रती मी काढल्या होत्या, असं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

"पुन्हा बसू," मी म्हटलं. "मी साहेबांना विचारतो, रोजची चिठ्ठी करून..."

"चौदा महिने?" ते म्हणाले. "आणि कुठल्या मशीनवर?"

आतून बाद मशीनं न्यायला हातगाडी आली होती. गाडीवर आमचं तिसरं होतं.

काकांनी खिशातून पाहुण्यांची चिठ्ठी काढली. आतल्या माणसाची सही नसेल तर गेटवाला बाहेर सोडत नाही. भेटीचं कारण या रकान्यात त्यांनी त्यांच्या सुबक आरेखकी अक्षरात 'सहज' लिहिलं होतं. मी सही केली.