गोटीरामबाबांचं आवतन

आमच्या बिल्डिंगला सीसीटीव्ही आहे, पण तो बंद आहे. त्याची गरजच नाही. खाली जिन्याशी गोटीरामबाबा बसतात. घणसोली गावातली ही तीन मजली बिल्डिंग त्यांची, आम्ही दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू. कोण किती वाजता आलं, पिशवीत काय होतं, कोणाच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, सगळं त्यांना पाठ. राहायला आले तेव्हा पहिले पंधरा दिवस मी त्यांच्यावर जाम वैतागलेली असायचे. भांडुपच्या चाळीत वाढले म्हणून काय झालं, माझ्या पिशवीतली मेथी कोणी चिवडून बघितली की माझं डोकं फिरतं.

बाबांचं वय सत्तरच्या पुढे. पलीकडचा अठरा मजली टॉवर दाखवून ते सांगतात, ती लिफ्ट आहे ना, तिथे माझा बांध होता. त्यांचा खरा दोष म्हणजे त्यांना कुठलीही गोष्ट छोटी करता येत नाही. बंडूने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकदा त्यांच्याकडे हातोडी मागितली. बाबा हातोडी, शिडी आणि दोन पुतणे घेऊन वर आले आणि आम्हाला नको त्या जागी खिळा ठोकून, चहा पिऊन गेले. त्या खिळ्यावर आता आम्ही छत्री टांगतो. त्यांच्या बायकोला, मालतीबाईंना, मी एकदा म्हटलं की बाबा जरा जास्तच करतात. त्या शांतपणे म्हणाल्या, तुला कळायला दोन महिने लागले, मना पन्नास वर्सं झाली.

तर आमच्या मुलाच्या, पार्थच्या, वाढदिवसाचं सांगते.

मागच्या वर्षी आम्ही ऐरोलीला होतो, मोठ्या सोसायटीत. पार्थला पाच पूर्ण झाली होती. मी त्याच्या वर्गातल्या चौदा मुलांना बोलावलं, चौदाही आयांनी ग्रुपवर ‘नक्की येतो’ लिहिलं. आयत्या वेळी एकाला ताप आला, एकाची मावशी आली, एकाचा ड्रॉइंगचा क्लास, आणि एका पाच वर्षांच्या मुलाची म्हणे परीक्षा होती. आली दोन मुलं. त्यातलं एक केक कापायच्या आधीच रडायला लागलं म्हणून घरी नेलं. पार्थ आठ वाजेपर्यंत डोक्यावर ती चकचकीत टोपी घालून दाराकडे तोंड करून बसला होता. रात्री मला विचारतो, "आई, मी काही केलं का?" त्या न आलेल्या बारा आयांना मी आजही माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

त्यामुळे यंदा पार्थच म्हणाला, नको करूया. सहा वर्षांचा मुलगा वाढदिवस नको म्हणतो, ऐकलंय कधी? मी हट्टाला पेटले. म्हटलं, करणार म्हणजे करणारच. गल्लीच्या ग्रुपवर फुगेबिगे लावलेलं निमंत्रण टाकलं. शनिवार, साडेपाच ते साडेसात. दोन अंगठे आले. त्यातला एक बंडूचा.

गुरुवारी बाबांनी मला जिन्यात अडवलं. शनिवारी कार्यक्रम आहे असं ऐकतो, गल्लीत आवतन कोणी दिलं? मी म्हटलं, मोबाइलवर टाकलंय ना.

"मोबायलवर आवतन?" बाबा म्हणाले. "मंग जेवाला पन मोबायलवरच येतील."

इथे म्हणे आवतन घरी जाऊन, तोंडाने द्यायचं. न बोलावता कोणी कोणाच्या दारात जात नाही, आणि मोबाइलवर बोलावणं म्हणजे न बोलावणंच. मला नव्या जागेत कोणाच्या दारात उभं राहायचं जिवावर आलं, तर बाबा म्हणाले मी जातो. मी त्यांना तीनदा बजावलं, फक्त मुलं, दहा-बारा, साडेपाचला. बाबांनी तीनदा मान डोलावली. इस्त्रीचा शर्ट घातला, पार्थचं बोट धरलं आणि गेले. दोन तासांनी परत आले तेव्हा पार्थच्या दोन्ही खिशांत चिक्की होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी मी पंधरा जणांची पावभाजी केली. दोन जास्तच धरले होते. एक किलोचा केक आणला, फुगे लावले. साडेपाच वाजले. सहा वाजले. मी गॅलरीतून वाकून बघितलं तर गल्लीत चिटपाखरू नाही. एरवी ह्या वेळेला क्रिकेटचा बॉल आमच्या खिडकीवर आपटतो, त्या दिवशी खेळणारं एक पोर दिसेना. साडेसहा झाले. बंडू फुगे मोजत बसला होता. मला तर वाटत होतं, सगळ्या गावाने मिळून माझ्या पोराला वाळीत टाकलंय.

सात वाजता पार्थने स्वतःच टोपी काढली. तिची इलॅस्टिकची दोरी नीट आत खोचली आणि टोपी कपाटात ठेवून आला.

"आई, केक आपण तिघांनीच खाऊया," तो म्हणाला. "मला चालेल."

माझं डोकंच सटकलं. मी तरातरा खाली गेले. खुर्ची रिकामी. मालतीबाईंनी वर बोट दाखवलं. गच्चीवर गेले तर बाबा पांढरा शर्ट घालून सतरंज्या अंथरत होते. मी त्यांना नाही नाही ते बोलले. वय बघितलं नाही, घरमालक आहेत हे बघितलं नाही. म्हटलं, मोबाइलवर निदान दोन अंगठे तरी आले होते, तुमच्या आवतनाला एक माणूस आलं नाही.

बाबांनी सतरंजीचं टोक सरळ केलं. साडेपाचला कोणी जेवतं का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, जेवण कुठलं? तेव्हा ते अगदी सहज म्हणाले, सगळ्यांना चूलबंद आवतन दिलंय.

चूलबंद म्हणजे काय ते मला तिथे, त्या सतरंजीवर उभ्या उभ्या कळलं. म्हणजे त्या घरातल्या सगळ्यांनी यायचं, आज्यापासून तान्ह्यापर्यंत, आणि त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. मी विचारलं, किती घरं? बाबा म्हणाले, तेवीस.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेवीस घरं, पंधरा पावभाज्या. आणि तेवढ्यात खाली जिन्यात चपला वाजायला लागल्या.

आली हो आली, सगळी आली. पोरं पाच वाजताच आंघोळी घालून, पावडर लावून, कपडे मळू नयेत म्हणून घरात कोंडून ठेवलेली होती. म्हणून गल्ली ओस पडली होती. त्यांच्यामागे आया, आयांच्या मागे सासवा, कामावरून आलेले बाप, आणि शेजारच्या भाविकाची पणजी, जिला दोघांनी खुर्चीसकट उचलून वर आणलं. माणसं गच्चीवर मावेनात म्हणून जिन्यात बसली. आवाज ऐकून बंडूबरोबर वर आलेला पार्थ माझ्या गाऊनला धरून उभा होता, त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. बंडू म्हणाला, मी आलोच, आणि कुठेतरी पळाला.

वाचवलं मालतीबाईंनी. दुपारी चक्कीवर त्यांना कोणीतरी सहज म्हणालं होतं की आज आमच्याकडे चूल बंद. त्यांनी नवऱ्याला एका शब्दाने विचारलं नाही. घरी येऊन वालाच्या बिरड्याचा मोठा टोप आणि भाताचा त्याहून मोठा टोप चढवला. मला म्हणाल्या, आमच्या लग्नात यानं शेजारच्या अख्ख्या गावाला आवतन सांगितलं होतं, माझा बाप मांडवात घेरी येऊन पडला. भाकऱ्या मात्र पुरणार नव्हत्या. तेव्हा गल्लीतल्या बायकांनी पदर खोचले आणि आपापल्या घरी जाऊन तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. चूलबंद आवतनाला आलेल्या तेवीस घरांच्या चुली पेटल्या, आणि ही कल्पना कोणाचीच नव्हती, तरी सगळ्या बायका ती आपली म्हणून सांगतात. कोणी रागावलं नाही. दोघींनी तर मला शिकवलं की वाल सोलताना हात कसा चालवायचा. वाल केव्हाच शिजले होते, तरी शिकवलं.

एक किलोचा केक मालतीबाईंनी शिवणाच्या दोऱ्याने कापला. पणजीपर्यंत प्रत्येकाला तुकडा मिळाला. नखाएवढा, पण मिळाला. माझी पावभाजी बाबांनी लोणच्यासारखी पानात डाव्या बाजूला वाढली. गाण्याला नव्वद माणसं एकदम ओरडली तेव्हा पार्थने दोन्ही कानांवर हात ठेवले.

पंगत उठल्यावर मी बाबांना गच्चीच्या कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, बाबा, मघाशी मी जास्त बोलले, ते विसरा. पण मी तीनदा सांगितलं होतं ना, फक्त मुलं म्हणून? तुम्ही विसरलात की मुद्दाम केलंत?

बाबा हातातला भाताचा चमचा पुसत राहिले. मग म्हणाले, "बाय, पयल्याच घराच्या पायरीवर पोरानं मना सांगलं, बाबा नको जाऊया, कोनी येत नाय. मागल्या साली कोनाला ताप आला, कोनाची परीक्षा आली. मंग मी इचार केला. पोरांना बोलावलं तं एकेकाला ताप येतो. अख्ख्या घराला कदी ताप येतो काय?"

मी त्यांच्या हातातला चमचा घेतला आणि टोप खरवडायला लागले. मालतीबाई मागून म्हणाल्या, याला शाबासकी देऊ नको, पुढच्या वर्षी तुर्भ्यापर्यंत सांगत जाईल.

सगळे गेल्यावर मी पार्थचे पाय धुतले. नवा शर्ट बिरड्याने पिवळा झाला होता, गुडघा सोललेला होता आणि त्याचा घसा बसला होता. मी विचारलं, मजा आली का रे?

"आली," तो म्हणाला. "पण आई, पुढच्या वर्षी जरा कमी लोक बोलवूया. सगळे मलाच हाका मारत होते."

मी म्हटलं, बरं बाबा, कमी बोलवूया. मग मोरीत गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले.